खाली कोहिनूर, वर टपालाचे विमान

नकाशावर मुंबई आणि हैदराबाद यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती धाराशिवला जवळजवळ स्पर्श करते, उमरग्याच्या थोडी उत्तरेने बसवकल्याणवर येते आणि हुमनाबादला उजवीकडे ठेवून पुढे जाते. कोहिनूर याच बसवकल्याण तालुक्यातले, बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेलगतचे गाव. बीदर आणि कलबुर्गी इथून प्रवासी विमाने सुटू लागली ती २०१९-२०मध्ये, म्हणून या मुलखाला विमान आत्ता कुठे भेटले असे बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. देशातल्या सर्वांत जुन्या हवाई मार्गांपैकी एक याच मुलखावरून जात होता. तो खाली उतरत नव्हता एवढेच. विमानांच्या छंदिष्टांना कोणत्या मार्गावर कोणत्या बनावटीचे विमान होते, त्यात खुर्च्या किती होत्या, इंजिने कोणाची होती, हे सगळे तोंडपाठ असते. त्या तपशिलांची चेष्टा करण्याचे कारण नाही. नीट लावले, तर त्यांतून एक गोष्ट निघते: मार्ग कुठून कुठे जायचा हे पैसे देणाऱ्याने ठरवले, मधे कुठे उतरायचे हे विमानाच्या टाकीने ठरवले, आणि खालच्या गावांना यांपैकी कोणीच विचारले नाही.

सुरुवात सर्वांना माहीत असलेल्या तारखेपासून करू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पुस मॉथ विमानात टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी मुंबईत जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल पुढे नेले, बेल्लारीला रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले. पुस मॉथ म्हणजे एका इंजिनाचे, सुमारे १२० अश्वशक्तीचे, ताशी दीडशे-एकशे साठ किलोमीटरने जाणारे चिमुकले यंत्र. या आरंभाचे वर्णन नेहमी एका तरुणाच्या साहसाची कथा म्हणून केले जाते, आणि साहस होतेच. पण मार्गाचा आकार पाहा. तो कराचीला सुरू होतो, कारण इंपीरियल एअरवेजचे लंडनचे टपाल कराचीपर्यंत येत असे. कराची-मुंबई-मद्रास ही रेषा कोणा प्रवाशाच्या मागणीतून निघालेली नव्हती. साम्राज्याच्या टपालाला दक्षिणेपर्यंत लवकर पोचायचे होते, म्हणून ती ओढली गेली. बेल्लारीचा मुक्काम हाही बेल्लारीकरांच्या सोयीसाठी नव्हता. असल्या यंत्राला मुंबईहून मद्रासपर्यंत एका दमात, तेही उजेड असेपर्यंत, जाता येत नव्हते. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी चिखलात जाई आणि सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे, हेही त्याच जातीचे सत्य. त्या काळात विमान कुठे उतरेल हे जमीन आणि पेट्रोल ठरवत.

पुढे त्याच दशकात टाटांच्या वेळापत्रकात मुंबई आणि मद्रासच्या मधे हैदराबाद आले आणि ही रेषा आपल्या डोक्यावर सरकली. त्या वेळचे वैमानिक कंपास, नकाशा आणि खालच्या खुणा यांवर विसंबत. रेल्वेचे रूळ ही सर्वांत भरवशाची खूण. सरळ जाणारा बसवकल्याणवरून जाणार, रूळ धरून जाणारा सोलापूर, गुलबर्गा (आजचे कलबुर्गी), वाडी अशा वाटेने. दोन्हींपैकी कोणतीही वाट धरली तरी खालचा मुलूख हाच, कोहिनूर या दोन वाटांच्या मधोमध. गुलबर्ग्याला आगगाडी १८७०च्या दशकाच्या उंबरठ्यावर आली आणि मुंबई-मद्रास गाडीला पाणी-कोळसा लागत असल्याने तिथे थांबली. विमानाला गुलबर्ग्याची गरज नव्हती. वाहन जितके समर्थ, तितका मधल्या गावांचा त्याच्यावरचा हक्क कमी.

हैदराबाद संस्थानाने मात्र स्वतःचा हक्क विकत घेतला. निजामाच्या सरकारी रेल्वेने १९३२मध्ये बसगाड्या सुरू केल्या आणि पुढे हवाई वाहतूकही त्याच खात्याच्या छत्राखाली आणली. रूळ, रस्ता आणि आकाश एकाच कारभाराखाली ठेवणारी अशी यंत्रणा हिंदुस्थानात दुसरी नव्हती. १९४५मध्ये डेक्कन एअरवेज स्थापन झाली. तिचे बहुतांश भांडवल निजाम सरकारचे, उरलेले टाटांचे, मुख्य ठाणे बेगमपेठ. विमाने डाकोटा. ती मिळाली कशी, हे महत्त्वाचे: महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची शेकडो डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीला निघाली आणि हिंदुस्थानात विमान कंपन्यांचे पीक आले. दोन इंजिने, वीस-पंचवीस प्रवासी, कच्च्या धावपट्टीवरही उतरण्याची तयारी. एखाद्या लहान जिल्ह्याच्या गावाला विमानाने जोडणे यांत्रिकदृष्ट्या कधी सर्वांत सोपे होते, असे विचाराल तर उत्तर आजचे नाही. डाकोटाचा तो काळ आहे. तरीही कंपनीची नजर होती दिल्ली, मद्रास, बंगळूर अशा ठिकाणांवर. संस्थानाला आपली राजधानी इतर राजधान्यांच्या रांगेत बसवायची होती. बीदर आणि गुलबर्गा हे त्या हिशेबात महसुलाचे जिल्हे होते. कोल्हापूरचे उदाहरण शेजारी ठेवले की फरक कळतो. तिथे १९३९मध्ये राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत विमानतळ झाला, कारण कोल्हापूर स्वतःच एका दरबाराचे गाव होते.

बीदरला परदेशातून विमाने उतरली ती १९४८मध्ये, आणि त्यांच्यात प्रवासी नव्हते. भारत सरकारने हैदराबादची आर्थिक कोंडी केली तेव्हा सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्रीच्या अंधारात शस्त्रे आणायला सुरुवात केली. त्याची विमाने बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरत. विमान होते लँकास्ट्रियन. लँकास्टर या बॉम्बफेकी विमानाची ही नागरी आवृत्ती. १९४५पासून लंडन-सिडनी मार्गावर जेमतेम नऊ प्रवासी घेऊन ती धावत असे, आणि त्या मार्गावर कराची हा एक थांबा होता. कराचीपासून बीदर सुमारे १३०० किलोमीटर. डाकोटाला इतके अंतर माल घेऊन जाऊन, इंधन न भरता परत फिरणे झेपले नसते. चार इंजिनांच्या लँकास्ट्रियनला ते सहज जमत होते, आणि मधला सगळा मुलूख भारताचा असल्याने मधे उतरण्याची सोय नव्हतीच. कराची-बीदर हा मार्ग कोणत्याही वेळापत्रकात छापला गेला नाही. तरी तोही एक हवाई मार्गच, आणि माझ्या म्हणण्याचा सर्वांत उघडा पुरावा तोच: पैसा निजामाचा, टाकी लँकास्ट्रियनची, आणि बीदर निवडले गेले ते धावपट्टी होती म्हणून. १३ सप्टेंबर १९४८ला पोलीस कारवाई सुरू झाली तेव्हा हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी आधी लक्ष्य केले ते याच धावपट्ट्यांना. जमिनीवरून फौज सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद अशी आली, म्हणजे साधारण त्याच मुंबई-हैदराबाद रेषेखालून. कोंडीतून जन्मलेला असाच दुसरा उद्योग सात वर्षांनी गोव्यात दिसतो. भारताने वाटा बंद केल्यावर पोर्तुगीजांनी दाबोळीचा तळ उभारला, १९५५मध्ये स्वतःची विमान कंपनी काढली, आणि ती दमण, दीव आणि पुन्हा कराची असे उडू लागली. १९६१मध्ये सत्ता गेली आणि कंपनीही गेली.

यावर एक आक्षेप सहज येईल. ही सगळी उदाहरणे युद्धाची आणि साम्राज्याची. शांततेच्या काळात भूगोल आणि बाजार हेच मार्ग ठरवतात, नागपूर पाहा. खरेच आहे, नागपूर पाहण्यासारखे आहे. ३० जानेवारी १९४९पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री निघालेली विमाने नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या शहरी परते. देशाच्या मध्यावर असण्याचा एवढा रोकडा फायदा क्वचितच कोणा शहराला झाला असेल. पण ही विमाने टपाल खात्याच्या थैल्यांवर उडत होती. त्याच वर्षी रफी अहमद किडवई यांच्या कारकिर्दीत देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याचे धोरण आले. भूगोलाने नागपूरला पात्र ठरवले. त्या पात्रतेची किंमत सरकारी तिजोरीने मोजली. भूगोल एकटा पुरेसा असता, तर मुंबई-हैदराबाद रेषेखालच्या गावांनाही काही मिळाले असते.

१९५३मध्ये डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स झाली. १९५७मध्ये व्हायकाउंट आले, १९६४मध्ये कॅराव्हेल. प्रत्येक नव्या विमानाबरोबर वेग वाढला, धावपट्टी लांब लागू लागली आणि मधले थांबे गळाले. आपल्या भागासाठी मात्र त्या दशकातली मोठी घटना विमानांच्या जगातली नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. बीदर आणि गुलबर्गा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्रात. बसवकल्याण, भालकी, औरादकडच्या मराठी माणसाची सोयरीक लातूर-धाराशिवला आणि दवाखाना, बाजार सोलापूर किंवा हैदराबादला. राजधानी मात्र सातशे किलोमीटरवरच्या बंगळूरला गेली. पूर्व-पश्चिम असलेला संबंध कागदोपत्री उत्तर-दक्षिण झाला. प्रवासी विमान शेवटी आले ते या कागदी दिशेने.

ते इतके उशिरा का आले, याचे कारणही आकाशात सापडत नाही, करारात सापडते. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ २००८मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या करारात १५० किलोमीटरच्या आत दुसऱ्या विमानतळाला आडकाठी करणारे कलम होते. बीदर त्या वर्तुळात सापडले. हवाई दलाची उत्तम धावपट्टी असलेल्या, सूर्यकिरण पथकाचे घर असलेल्या शहरातून सामान्य माणसाला उडता येत नव्हते ते या कलमामुळे. अखेर शमशाबाद चालवणाऱ्या मंडळींनीच बीदरचे टर्मिनल चालवायला घेतले आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी ट्रूजेटचे एटीआर-७२ बंगळूरहून आले. त्याआधी २२ नोव्हेंबर २०१९ला, तीन किलोमीटरहून लांब धावपट्टीच्या कलबुर्गी विमानतळाचे उद्घाटन झाले; तिथले पहिले प्रवासी विमान स्टार एअरचे, पन्नास आसनांचे एम्ब्रेअर, तेही बंगळूरहूनच. पुढे कलबुर्गीहून हिंडन आणि तिरुपतीलाही विमाने गेली. ट्रूजेट बंद पडली, बीदरला २०२२मध्ये स्टार एअर आली, मग तीही काही काळ थांबली. गंमत म्हणजे ही कंपनी कोल्हापूरच्या घोडावत समूहाची. म्हणजे मराठी मुलखातल्या भांडवलाने बीदरला बंगळूरशी जोडले.

इथे दुसरा आक्षेप, आणि तो जास्त वजनाचा. असली विमाने अनुदानावर जगतात आणि अनुदान संपले की मरतात. मग तो पैसा रस्ते-रेल्वेला का देऊ नये? महालेखापालांचा २०२३चा अहवाल या बाजूने बोलतो. लहान शहरांच्या हवाई मार्गांची तूट भरून देणाऱ्या उडान योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षे पूर्ण केली, आणि त्यानंतर टिकले ५४. हे आकडे झाकण्यासारखे नाहीत, आणि बीदर-कलबुर्गी रेल्वे २०१७मध्ये सुरू झाली तिचा उपयोग या भागात विमानापेक्षा कितीतरी अधिक माणसांना होतो हेही मान्य. पण अनुदानाचे मार्ग मरतात यावरून लहान गावांना विमान परवडत नाही हे सिद्ध होत नाही. १९३२चा मार्गही टपालाच्या कामावर जगला, १९४९चा नागपूरचा मेळही. फरक असा की टपालाचे काम वर्षानुवर्षे चालू राही आणि दिशाही टपालच ठरवी. उडानमध्ये आधार तीन वर्षांचा. नवा मार्ग लोकांच्या सवयीत मुरायला तेवढा वेळ पुरत नाही, विशेषतः पन्नास-सत्तर आसनांचे विमान आठवड्यातून मोजक्या दिवशीच येते तेव्हा.

दिशेबद्दल मात्र माझ्याच मुद्द्याविरुद्ध एक साक्ष आहे. एप्रिल २०१७मध्ये उडान सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमान निघाले. राज्याची सीमा ओलांडणारा, जुन्या निजामी नात्याचा मार्ग. शिवाय उडानमध्ये मार्ग सरकार आखत नाही, कंपन्या निविदेत मागतात. मग राज्यांना दोष कशाला? नांदेडचे उत्तर सोपे आहे: ट्रूजेट हैदराबादची कंपनी होती, तिची विमाने रात्री तिथेच उभी राहत, त्यामुळे जुने नाते आणि कंपनीची सोय एका रेषेत आली. बीदरला तसे झाले नाही, आणि हैदराबाद इतके जवळ की तिथे विमानाने जाण्यात अर्थही नाही. निविदा कंपनी भरते हे खरे, पण तुटीच्या भरपाईतला २० टक्के वाटा राज्याला उचलावा लागतो, आणि आपल्या पैशाचे विमान आपल्या राजधानीकडे यावे असे कोणत्याही राज्याला वाटणारच. बंगळूर दूर आहे म्हणून तेच विमान उपयोगी, हा युक्तिवाद बरोबर आहे. मात्र ते अंतर १९५६ने निर्माण केलेले आहे.

उरलेला ८० टक्के वाटा ज्या निधीतून येतो, तो मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारणी करून जमतो. मुंबई-हैदराबाद हा तसाच एक मोठा मार्ग. म्हणजे ज्या मार्गाने नव्वद वर्षे या मुलखाला खाली ठेवले, त्याच मार्गाचे प्रवासी आज तिकिटातून बीदरच्या विमानाची तूट भरतात. त्या पैशाचा एखादा हिस्सा बीदर किंवा कलबुर्गीहून पुणे-मुंबईच्या विमानावर पाच-सात वर्षे सलग लावायचा, तर कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी एका कागदावर सही करायला हवी. सीमाप्रश्नाच्या दाव्याखेरीज या भागाबद्दल त्यांचा दुसरा संयुक्त कागद करायचा झालाच, तर तो याहून स्वस्तात होणार नाही.