बिल्ला वेगळा, गाडी तीच

वाचकहो, वेस्टमीडला हॉस्पिटलच्या आसपास हॉक्सबरी रोडला जरा उभे राहा. नळवाले, वायरिंगवाले, फुलवाले, औषधे पोचवणारे, सगळ्यांच्या पांढऱ्या व्हॅन एकामागून एक जातात. माझा नातू त्या मोजतो. एके दिवशी तो म्हणाला, "आजोबा, ही व्हॅन आणि ती व्हॅन सारखीच आहे, पण नाव वेगळं का?" प्रश्न लहान होता, पण त्यावरून माझ्या भाच्याचे पैसे वाचले, ते सांगतो.

आपल्या वयाच्या मंडळींना मारुती व्हॅन आठवतेच. 1984 साली आली, 1988 पासून तिला ओम्नी म्हणू लागले. सरकत्या दाराची, पावाच्या लादीसारखी चौकोनी. शाळेची मुले, लग्नाचे सामान, रुग्ण, काय म्हणाल ते तिच्यात कोंबले जायचे. 2019 मध्ये ती बंद झाली. मुळात ती जपानच्या सुझुकीची 'कॅरी'. हीच कॅरी इथे ऑस्ट्रेलियात 1985 च्या सुमारास 'होल्डन स्करी' या नावाने विकली गेली, कारण होल्डनची मालक जनरल मोटर्स हिने 1981 मध्ये सुझुकीत हिस्सा घेतला होता. पुढच्या पिढीची कॅरी इंग्लंडात 'बेडफर्ड रॅस्कल' झाली. एकाच घरच्या मुली, तीन सासरी तीन नावे!

इस्राएलला राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना विचारा. त्यांच्या गल्लीत सिट्रोएन बर्लिंगो आणि प्यूजो पार्टनर शेजारी शेजारी उभ्या असतील. 1996 पासून ही जोडी एकाच कंपनी-समूहाची, स्पेनमधल्या व्हिगोच्या एकाच कारखान्यातून निघालेली.

कंपन्या असे का करतात? नवीन व्हॅन तयार करायला अफाट पैसा लागतो. मग एकाने बनवायची आणि दुसऱ्याने आपला बिल्ला लावून विकायची. दोघांचेही भागते. यात लबाडी नाही, पण घेणाऱ्याला माहीत पाहिजे.

आता भाच्याची गोष्ट. तो रंगकाम करतो. दोन वर्षांपूर्वी त्याला 2021 ची मित्सुबिशी एक्सप्रेस सेकंडहँड मिळत होती. विकणारा म्हणाला, "जपानी माल आहे, डोळे झाकून घ्या." भाचा खूष. मी म्हटले, "थांब रे, आधी डोळे उघड." बॉनेट वर केले तर आतल्या प्लॅस्टिकवर रेनॉचा हिरा! 2020 मध्ये आलेली ही एक्सप्रेस म्हणजे फ्रान्समध्ये सांदूव्हिलच्या कारखान्यात बनलेली रेनॉ ट्रॅफिकच होती. निस्सानने 2016 साली मित्सुबिशीतला 34 टक्के हिस्सा घेतला आणि निस्सान-रेनॉची दोस्ती आधीपासूनची, त्यामुळे हे जमले.

मुलांनो, ओळखायची खूण सोपी आहे. पुढच्या जाळीवर तीन हिरे दिसले तर मित्सुबिशी, एकच उभा पोकळ हिरा दिसला तर रेनॉ. बाकी दारे, काचा, आरसे बघून काही कळणार नाही, मी खूप वेळ बघत बसलो होतो.

फ्रेंच आहे म्हणून गाडी वाईट, असे मी म्हणत नाही हं. पण 2021 साली ए-एन-कॅप या सुरक्षा तपासणी संस्थेने याच एक्सप्रेसला शून्य तारे दिले. शून्य तारे मिळालेली ती पहिलीच गाडी. समोर कोणी आले तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा तिच्यात नव्हती, आणि सुरक्षा-साहाय्याच्या भागात तिला अवघे 7 टक्के मिळाले. 2022 मध्ये तिची विक्री संपली. भाच्याला रोज मुलीला शाळेत सोडून कामावर जायचे असते. त्याला तीन हिरे बघून जपानी भरवसा वाटत होता. तारे बघायचे सुचले नव्हते.

म्हणून जुनी व्हॅन घेताना बिल्ल्यावर जाऊ नका, बिल्ला दोन स्क्रूंनी बदलता येतो. 17 अक्षरांचा व्हीआयएन नंबर बघा. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. असे अक्षर दिसले तर वाचण्यात चूक आहे किंवा पाणी मुरते आहे. तोच नंबर पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत 2 डॉलर भरून तपासा. गाडीवर कर्ज आहे का, चोरीची आहे का, अपघातात निकाली काढलेली आहे का, हे कळते. पार्ट मागतानाही नाव सांगू नका, नंबर द्या, कारण जुळ्या गाड्यांतही ब्रेक आणि दिवे कधीकधी वेगळे निघतात.

जुळेपणाचा फायदाही आहे बरे का. होल्डन हे नाव 2020 मध्ये कायमचे गेले, पण स्करी जपून ठेवणाऱ्याला सुझुकीचे पार्ट शोधता येतात.

भाच्याने ती एक्सप्रेस सोडली. विकणाऱ्याने किंमत खाली आणली, तरी नाही घेतली. अजून त्याची जुनी फोर्ड इकोनोव्हॅनच चालू आहे. ती मुळात माझ्दाने बनवलेली, माझ्दा ई-सिरीजची जुळी बहीण. गेल्या महिन्यात तिच्या दाराची कडी तुटली, तेव्हा भंगारातल्या माझ्दाची काढून बसवली. थोडी घट्ट बसते, पण लागते.