उतरते पाणी, उतरते पक्षी

हिवाळ्यात स्थलांतर करून येणाऱ्या बऱ्याच पाणपक्ष्यांचे समुद्रावाचून अडत नाही. त्यांना लागतो तो उथळ पाण्याला लागून असलेला ओला, उघडा चिखल. कोकणात तो ओहोटीच्या वेळी मिळतो, मराठवाड्यात पाटबंधाऱ्याच्या तलावांच्या काठी. म्हणूनच समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटर आत असलेल्या, लातूर जिल्ह्यातल्या देवणीहून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतावे एवढ्या बेतात, एरवी किनारपट्टीचे म्हणून ओळखले जाणारे कितीतरी पक्षी पाहता येतात.

देवणीच्या आसपास पाण्याच्या जागा कमी नाहीत. शिरूर अनंतपाळ तालुक्यात साकोळ आणि घरणी, उदगीरच्या बाजूला देवर्जन आणि तिरू हे मध्यम प्रकल्प आहेत. मांजरा नदीवर बंधाऱ्यांची रांग आहे आणि कर्नाटकाच्या सीमेपलीकडे, भालकी तालुक्यात, करंजा धरण आहे. हे सगळे पाणी शेतीसाठी आणि पिण्यासाठी अडवलेले. पक्ष्यांचा विचार त्यात कुठेही नव्हता. पावसाळ्यात तलाव भरतात, रब्बीला पाणी सोडले की पातळी उतरू लागते. पठारी मुलखात काठाचा उतार मंद असेल तिथे पाणी हातभर उतरले तरी चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. शेतकरी अशा जमिनीवर गाळपेर करतात आणि तिच्या पाण्याकडच्या कडेला पक्षी चरतात. गाळात किड्यांच्या अळ्या, कृमी आणि बारीक गोगलगायी असतात. थंडीत सायबेरियाची जमीन गोठल्यावर जे अन्न तिथे मिळत नाही, ते इथे चोचीच्या टप्प्यात असते.

एकाच काठावर इतक्या जातींचे पक्षी कसे भागवतात, याचे उत्तर त्यांच्या चोचीत आहे. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो चार पावले धावतो, थबकतो, वर दिसलेला किडा टिपतो आणि पुन्हा धावतो. टिलवा चिमणीएवढा, वजन जेमतेम २५ ग्रॅम. त्याची चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी वरच्या थरात खालीवर होत राहते. पाणलावा आणि मालगुजा लांब, सरळ चोच खोल खुपसून आतले भक्ष्य नुसत्या स्पर्शाने शोधतात. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या पोटरीभर पाण्यात उभा राहून पृष्ठभागावरचे किडे उचलतो. उचाट्याची चोच टोकाकडे वर वळलेली असते. ती तो पाण्यात डावीउजवीकडे फिरवतो. पुस्तक उघडून पिसांचे रंग ताडण्याआधी चोच आणि चालण्याची ढब पाहावी. नवख्याला ओळख पटवायला तीच जास्त उपयोगी पडते. थंडीत हे पक्षी बहुतेक मातकट, करडे असतात. रंग फसवतात, सवयी सहसा फसवत नाहीत.

पाऊस कमी-जास्त झाला की पक्षीही बदलतात. तलाव जानेवारीपर्यंत काठोकाठ भरलेला असेल तर चिखल उघडा पडत नाही. चिखलपक्षी दुसरीकडे जातात, पण बदके आणि वारकरी पक्षी मोकळ्या पाण्यात रमतात. उलट, लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तशा दुष्काळात लहान तलाव तळापर्यंत आटतात आणि पक्ष्यांना थांबायला जागाच उरत नाही. म्हणून ‘अमुक तलावावर अमुक पक्षी’ अशी यादी पाठ करण्यात अर्थ नाही. कोकणात निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहतात, तशी इथे तलावाची पातळी विचारून घ्यावी. काठावर गाळपेर करणारे आणि तलावात जाळी टाकणारे भोई ती नेमकी सांगतात. थवा कोणत्या बाजूला बसतो हेही त्यांना ठाऊक असते.

चिखलपक्ष्यांतले पहिले ऑगस्टअखेरीसच पोचतात. बदके मागाहून येतात. ऑक्टोबरात त्यांचे नर मादीसारखेच फिके दिसतात, त्यामुळे तलवार बदक, थापट्या आणि चक्रांग ओळखायला डिसेंबर-जानेवारी बरा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून येतो. ७,००० मीटरहून अधिक उंचीवर त्याचे उड्डाण नोंदलेले आहे. तलावाच्या वाटेवर ज्वारीच्या रानात भोरड्यांचे थवे आणि माळावर जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्या दिसतात. हेही हिवाळी पाहुणेच आहेत, त्यामुळे नुसत्या पाण्याकडे पाहत प्रवास करू नये.

काठावर सूर्योदयाच्या सुमारास पोचावे आणि सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडावी. समोरून उजेड आला की सगळे पक्षी काळे दिसतात. ८ × ४२ची दुर्बीण पुरते. भडक कपडे टाळावेत, एका जागी बसून राहावे. वरून सुकलेला गाळ खाली दलदलीचा असू शकतो, तेव्हा त्यात उतरू नये. छायाचित्रासाठी थवा उठवणे तर कटाक्षाने टाळावे. मार्चमध्ये हे पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात आणि उगाच घेतलेल्या प्रत्येक भरारीत तीच खर्च होते.

अधिक मोठे थवे पाहायचे तर नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा जलाशय आहे. पैठणचा नाथसागर १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे आणि उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित, कुरव आणि सुरय दिसतात. देवणीहून या दोन्हींपैकी एखादे ठिकाण एका दिवसात करायचे तर रात्रीच निघावे लागते. शिवाय विस्तीर्ण पाण्यावर पक्षी दूर बसतात आणि टेलिस्कोपशिवाय हाती फारसे लागत नाही. सुरुवात साकोळ-घरणीसारख्या लहान तलावावर करणे शहाणपणाचे. तिथे तुतवार ओळखता येऊ लागला की अलिबागजवळच्या आक्षीच्या पुळणीवर त्याचे सोबतीही परके वाटत नाहीत.

मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. जानेवारी २०२५मध्ये उदगीर शहरात कावळे बर्ड फ्लूने दगावले होते. पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद तारीख, ठिकाण, संख्या आणि पाण्याची पातळी यांसह ठेवावी. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांदरम्यान, पक्षी सप्ताह असतो. १९८७पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती स्वयंसेवकांच्या बळावर चालते आणि तलाव लहान असला तरी त्याची मोजणी तिच्यात धरली जाते.