बेल गावाने पाणी आणले

पाण्याची टंचाई म्हणजे काय, हे आम्ही तुम्हांला सांगायला नको. लांबची वाट, डोक्यावर हंडा आणि झऱ्यापाशी रांग. पण अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही असे एक गाव होते, आणि तेही फार जुन्या काळी नव्हे, तर १९८१च्या सुमारास. हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. आम्हांलाही वाटले. म्हणून त्या गावाची हकिकत आज तुमच्यापुढे ठेवत आहोत.

गावाचे नाव बेल. ते ओक्लाहोमा राज्यातल्या अडेअर जिल्ह्यात आहे. मुलूख डोंगराळ आणि खडकाळ. रान दाट. जवळचे मोठे गाव स्टिलवेल. आपल्या महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी होते ना, तसेच स्टिलवेलही स्ट्रॉबेरीसाठी नावाजलेले. १९४८ साली तिथे स्ट्रॉबेरीची जत्रा सुरू झाली. बेल मात्र अगदी लहान, काही शे वस्तीचे. बहुतेक सगळी माणसे चेरोकी. घरात आपसांत चेरोकी भाषा, बाहेर इंग्रजी. गावातल्या कितीतरी घरांत नळ नव्हता. बायामाणसे झऱ्याचे, विहिरीचे पाणी वाहून आणीत. घरे मोडकळीला आलेली. तरणी पोरे गाव सोडून कामासाठी बाहेर जात.

आता तुम्ही विचाराल, ही चेरोकी माणसे कोण? ती तिथली मूळ रहिवासी. गोरे लोक समुद्र ओलांडून अमेरिकेत आले, त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांची गावे तिथे नांदत होती. कोलंबसाला वाटले, आपण हिंदुस्थानच्या बाजूला पोचलो. म्हणून तो त्या लोकांना 'इंडियन' म्हणू लागला. चूक त्याची, पण नाव चिकटले ते त्यांना!

जुनी गावे

चेरोकींची मूळ भूमी ओक्लाहोमा नव्हे. ती तिथून शेकडो मैल पूर्वेला, जॉर्जिया, टेनेसी आणि कॅरोलिना या भागांतल्या डोंगरांत होती. नदीकाठी गाव असे. गावाच्या मध्ये एक मोठे सभाघर. त्यात अग्नी जपलेला असे. चेरोकींची कुळे सात. मूल आईच्या कुळाचे मानले जाई, बापाच्या नाही. घर आणि शेत बायकांच्या ताब्यात. लग्न झाले की नवरा बायकोच्या घरी राहायला जाई. गावाचा काही निर्णय करायचा तर सभाघरात सगळे बसत आणि एकमत होईतो बोलत राहत. याला वेळ लागे खरा, पण एकदा ठरले की मागे कुरकुर उरत नसे.

शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावीत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढे आणि भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल राखीत. हा मका मूळ तिकडचाच बरे का! आपण कणीस भाजून खातो, ते पीक अमेरिकेतल्या मूळ लोकांनी पिकवायला शिकवले. आपली मिरचीसुद्धा अमेरिकेतूनच आली.

आणि त्यांची एक रीत होती, ती नीट ध्यानात ठेवा. तिचे नाव गडूगी. गावातली माणसे एकत्र येऊन एकाचे काम सगळ्यांनी उरकायचे. कुणी आजारी पडला तर त्याचे शेत पेरून द्यायचे. विधवेला, म्हाताऱ्याला लाकूडफाटा आणून द्यायचा. कुणी मेले तर खड्डा खणायचा. मजुरी नाही. आपल्याकडची इर्जिक यासारखीच. दहा घरचे नांगर एका रानात उतरतात आणि दिवस मावळायच्या आत सगळे रान नांगरून होते. भाषा वेगळी, देश वेगळा, पण नांगराची आणि माणसाची अडचण सगळीकडे सारखीच.

एका निरक्षर माणसाची अक्षरे

चेरोकी भाषा बोलीत होती, लिहिण्यात नव्हती. सिक्वोया नावाचा एक कारागीर होता. चांदीचे काम करी. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, लिहिता येत नव्हते. पण कागदावरच्या खुणांतून गोरे लोक एकमेकांशी लांबून बोलतात, हे त्याने पाहिले. आपल्या भाषेलाही अशा खुणा का नसाव्यात? त्याने १२ वर्षे हाच ध्यास घेतला. लोक त्याला वेडा म्हणाले. अखेर १८२१ साली त्याची अक्षरे तयार झाली. एका उच्चाराला एक अक्षर, अशी ८६ अक्षरे. पुढे त्यांतले एक गळले आणि ८५ राहिली. आपल्या बाराखडीत 'क' वेगळा, 'कि' वेगळा, 'कु' वेगळा, तसेच ते. फरक इतकाच, की आपण 'क'ला काना-मात्रा लावतो आणि त्यांच्यात प्रत्येक उच्चाराचे चिन्हच निराळे.

अक्षरे आधी त्याची लहान मुलगी अयोका शिकली. बापाने एका जागी सांगितलेले लेकीने दुसऱ्या जागी वाचून दाखवले, तेव्हा लोकांचा विश्वास बसला. मग काय, घरोघर लोक एकमेकांना शिकवू लागले. शाळा नाही, मास्तर नाही! थोड्याच वर्षांत पुष्कळ चेरोकी लिहू-वाचू लागले. १८२८ साली त्यांचे स्वतःचे वर्तमानपत्र निघाले. त्यात चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा असत. तुम्ही मोठेपणी अक्षर शिकलात. त्यामुळे सिक्वोयाची धडपड काय होती, हे शाळेतल्या पोरांपेक्षा तुम्हांला जास्त कळेल, असे आम्हांला वाटते.

अश्रूंची वाट

वर्तमानपत्र निघाले, कायदे लिहिले, पण जमीन वाचली नाही. १८२९च्या सुमारास जॉर्जियातल्या डोंगरांत सोन्यासाठी झुंबड उडाली. १८३० साली अमेरिकेच्या सरकारने मूळ लोकांना पश्चिमेला हलवण्याचा कायदा केला. चेरोकी कोर्टात गेले. १८३२ साली वरिष्ठ कोर्टाने सांगितले, की जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकींच्या भूमीवर चालत नाहीत. निकाल कागदावर राहिला. १८३५ साली काही थोड्या लोकांनी सरकारशी करार करून सगळी भूमी लिहून दिली. मुख्य प्रमुख जॉन रॉस यांना तो मान्य नव्हता. हजारो चेरोकींनी विरोधाचे अर्ज केले. उपयोग झाला नाही.

१८३८ साली फौज आली. माणसांना घरांतून काढून छावण्यांत कोंडले. पुढे त्यांना पायी, गाडीतून आणि नावेतून शेकडो मैल पश्चिमेला नेले. कित्येकांवर वाटेत हिवाळा आला. सुमारे १६,००० माणसे हलवली. त्यांपैकी ४,०००च्या आसपास छावण्यांत आणि वाटेत मेली, असा अंदाज आहे. या वाटेला 'अश्रूंची वाट' म्हणतात. यावर आम्ही अधिक काय लिहावे?

जी जगली, त्यांनी नव्या मुलखात पुन्हा घरे उभी केली. १८३९ साली टॅलेक्वा ही राजधानी केली. १८४१ पासून सरकारी शाळा काढल्या. जमीन सगळ्या चेरोकींची मिळून एक होती. कसायची ज्याने त्याने, पण विकायची कुणी नाही. हेही सरकारला बघवले नाही. १८९८च्या कायद्याने एकत्र जमिनीचे तुकडे पाडून माणसागणिक वाटायचे ठरले. वर वर पाहता यात वाईट काय? आपल्या नावावर तुकडा आला! पण नावावर आलेली जमीन विकताही येते, कर्जात बुडतेही, आणि लबाडाला अंगठा घेऊन लाटताही येते. तसेच झाले. १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झाले आणि चेरोकींचे सरकार नावापुरते उरले. त्यांचा प्रमुख कितीतरी वर्षे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष नेमायचा. १९७१ साली लोकांनी पुन्हा स्वतः मत देऊन प्रमुख निवडला.

बेलसारखी गावे गरीब का राहिली, याचे उत्तर यात आहे. ती माणसे आळशी नव्हती.

बेलमध्ये काय झाले

अडेअर जिल्ह्यातच विल्मा मॅनकिलर नावाची मुलगी वाढली. जन्म १९४५चा. त्यांच्या आडनावाचा इंग्रजीत अर्थ 'माणूस मारणारा'. भिऊ नका! पूर्वी गावाची राखण करणाऱ्या वीराला हा किताब असे. आपल्याकडे पाटील, देशमुख ही हुद्द्यांची नावे आडनावे झाली, तसेच. त्यांच्या घरात वीज नव्हती, नळ नव्हता. पाणी झऱ्यावरून आणावे लागे. १९५६ साली सरकारी योजनेत हे कुटुंब दूर सॅन फ्रान्सिस्को शहरात हलले. पुढे १९७०च्या दशकात विल्माताई मुलींना घेऊन गावाकडे परतल्या आणि चेरोकी सरकारात नोकरीला लागल्या. १९७९ साली मोटारीचा मोठा अपघात झाला, मागोमाग स्नायूंचा आजार जडला. त्यातून उठून त्यांनी बेलचे काम हाती घेतले. जोडीला चार्ली सोप हे गृहस्थ होते. त्यांना चेरोकी भाषा उत्तम येई. बेलच्या म्हाताऱ्या माणसांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा माणूस लागतो, हे उघड आहे.

त्यांनी आधी विचारले, "तुम्हांला काय हवे?" लोक म्हणाले, "पाणी." मग ठरले असे, की नळ, सामान आणि इंजिनिअर यांची सोय चेरोकी सरकार करील आणि कष्ट गावाने करायचे. सुमारे १६ मैल लांब नळाची ओळ टाकायची होती. खडकाळ जमीन. त्या मुलखात हिवाळ्यात पाणी गोठते. नळ वरवर पुरला तर फुटायचा. चर खोल हवा.

बाहेरचे लोक हसले. "हे लोक फुकटचे खातात. हे कसले खणतात?" असे बोलणे होते. गावातल्यांनाही खात्री कुठे होती? आजवर कितीतरी साहेब आले, वचने देऊन गेले. सभेला सुरुवातीला माणसे थोडीच जमत. आमच्या मते सगळ्यांत कठीण चर हाच होता, मनातला. खडक फोडायला पहार पुरते. याला नुसती पहार पुरत नाही.

इथे गडूगी कामाला आली. जुनी रीत लोकांच्या हाडांत होती, तिला फक्त हाक मारायची होती. ओळीचे भाग पाडले आणि कुटुंबांनी आपापला भाग अंगावर घेतला. एकदा भाग वाटला, की शेजाऱ्याचा चर पुढे गेला आणि आपला मागे राहिला, तर कुणाला चैन पडेल? पुरुषांबरोबर बायकाही चरात उतरल्या. कष्ट कुणी विकत दिले नाहीत. ओळ पुरी झाली आणि घरोघर पाणी आले. त्याच हिमतीवर गावाने काही मोडकी घरे दुरुस्त केली, काही नवी बांधली.

हसणाऱ्यांचे तोंड बंद झाले. दूरचित्रवाणीवाले येऊन गावाचे चित्रण करून गेले. दुसरी चेरोकी गावे विचारू लागली, "आमच्याकडे कधी?" विल्माताई १९८३ साली उपप्रमुख म्हणून निवडून आल्या. तेव्हा "बाई कशाला?" म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या, त्यांच्या मोटारीची चाके फाडली. ज्यांच्यात घर आणि शेत बायकांचे होते, त्यांच्यातच हे व्हावे! पण १९८५ साली त्या मुख्य प्रमुख झाल्या, चेरोकींच्या पहिल्या स्त्री प्रमुख. १९८७ आणि १९९१ साली लोकांनी त्यांना मते देऊन निवडले. १९८६ साली त्यांचे चार्ली सोप यांच्याशी लग्न झाले होते. विल्माताई २०१० साली वारल्या. २०१३ साली बेलच्या पाण्यावर एक बोलपट निघाला. २०२२ साली अमेरिकेच्या पावली डॉलरच्या नाण्यावर विल्माताईंचे चित्र आले.

बेलचे आणि आसपासच्या गावांचे जीवन आजही बरेचसे एकमेकांच्या आधारावर चालते. वसंतात रानकांदा उगवला की तो खुडून अंड्यांबरोबर परततात आणि पंगती बसवतात. रानातल्या कठीण कवचाच्या फळांचा गर कुटून त्याचे गोळे करतात आणि ते पाण्यात शिजवून सार करतात. त्याला कनुची म्हणतात. चर्चमध्ये चेरोकी भाषेत भजने होतात. कुठे रात्री अग्नीभोवती फेर धरून नाच होतो. त्यात बायका पायांना खडे भरलेली कासवाची कवचे बांधून ताल धरतात. भाषेची मात्र काळजी आहे. लहानपणापासून चेरोकी बोलणारे आता थोडेच उरले आहेत, तेही बहुतेक वयस्क. म्हणून टॅलेक्वात २००१ पासून मुलांना चेरोकीतूनच शिकवण्याची सोय केली आहे.

आणि पाण्याचे म्हणाल, तर ते कामही अजून संपलेले नाही. चेरोकींच्या काही घरांना आजही नीट पाणी नाही. म्हणून २०२१ साली चेरोकी सरकारने एक कायदा केला आणि त्याला विल्मा मॅनकिलर व चार्ली सोप यांचे नाव दिले. त्या कायद्याने दर वर्षी निदान २० लाख डॉलर पाण्याच्या कामासाठी वेगळे काढून ठेवावे लागतात.