उंदराच्या अंगी माणसाचे जनुक

ऐन पंचविशीतला तरुण पहाटे उठतो तेव्हा त्याची कंबर लाकडासारखी ताठरलेली असते, आणि एरवीच्या पाठदुखीला जिथे विश्रांतीने उतार पडतो तिथे याचे दुखणे चालल्याफिरल्यावरच हलके होते. वैद्यकाच्या दप्तरी ‘अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस’ या नावाने नोंदलेला हा विकार बळावला तर मणके एकमेकांशी सांधले जातात. १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, अशा बहुतेक रुग्णांच्या पेशींवर एचएलए-बी २७ नावाचे प्रथिन असते. परंतु हे प्रथिन खरा गुन्हेगार की गुन्ह्याच्या जागी केवळ हजर असलेला इसम, याचा निवाडा कसा व्हावा? ते बाळगणारी बहुसंख्य माणसे जन्मभर निरोगी राहतात, आणि माणसाच्या अंगी मुद्दाम रोग रुजवून पाहण्याची मुभा कोणालाही असू शकत नाही.

म्हणून संशोधक उंदरांकडे वळले. इंग्रजीत ज्यांना माऊस आणि रॅट म्हणतात, त्या दोन्ही प्राण्यांना आपण उंदीरच म्हणतो. इथे मात्र तो भेद निर्णायक ठरला. माऊसमध्ये बी २७ घडविणारे मानवी जनुक घालून पाहिले, तरी बहुतेक प्राणी धडधाकट राहिले. १९९० साली अमेरिकेतील डॅलस येथे रॉबर्ट हॅमर, जोएल टॉरोग व त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅटच्या नुकत्याच फळलेल्या अंड्यांत, केसाहून बारीक काचेच्या सुईने, बी २७ चे जनुक आणि त्याचे जोडीदार प्रथिन घडविणारे दुसरे मानवी जनुक सोडले. त्यांतून निपजलेली पिल्ले मोठी झाली, तेव्हा त्यांना हगवण लागली, मागच्या पायांचे सांधे सुजले, कातडी व नखे बिघडली. म्हणजे बी २७ बाळगणाऱ्या रुग्णांत दिसणाऱ्या विकारांचे सारे कुटुंबच त्या मुक्या जीवांत अवतरले. बी ७ हे त्याच कुळातील मानवी जनुक दिलेले रॅट मात्र निरोगी राहिले. आरोप शाबीत झाला.

पण माझ्या मते खरा मोलाचा दाखला मिळाला तो १९९४ साली. जन्मापासून पूर्ण निर्जंतुक कोंडणीत वाढविलेल्या बी २७ धारी रॅटची त्वचा बिघडली खरी, परंतु आतडी व सांधे शाबूत राहिले. आतड्यात वस्ती करणाऱ्या सूक्ष्म जंतूंची साथ मिळाल्यावाचून ते जनुक सांध्यापर्यंत पोचू शकत नव्हते. रोग्याच्या सांध्याकडे पाहणाऱ्या वैद्याची नजर या प्रयोगाने त्याच्या पोटाकडे वळविली. त्या प्राण्यांनी भोगलेली वेदना खरी होती, आणि म्हणूनच तिच्यातून मिळालेले ज्ञान वाया घालविणे हा मला अपराध वाटतो.

तेव्हा रक्ताच्या अहवालात ‘बी २७ आहे’ एवढेच वाचून कोणी धीर सोडू नये. मात्र चाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून अधिक रेंगाळलेली आणि पहाटे कंबर ताठरविणारी पाठदुखी अंगावर न काढता संधिवाताच्या जाणत्या डॉक्टरांना दाखवावी.