माहितीची दोन वळणे : मजकुराचे आणि द्विमान

संगणकाच्या स्मृतीत माहिती ठिकठिकाणी विखुरलेली असते. ती दुसऱ्या यंत्राकडे धाडावयाची किंवा जपून ठेवावयाची झाली, की तिला एका ओळीत बसवावे लागते. याच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिलीत माहिती माणसास वाचता येईल अशा अक्षरांत लिहितात. जेसन आणि एक्सएमएल ही तिची परिचित उदाहरणे. दुसरीत ती यंत्राच्या सोयीच्या द्विमान संकेतांत मांडतात. गूगलने २००८ मध्ये सर्वांस खुली केलेली ‘प्रोटोकॉल बफर्स’ ही पद्धती या वर्गातली होय. या दोहोंत श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न तंत्रज्ञांचा खरा. परंतु जुन्या दप्तरांशी परिचय असलेल्या मराठी वाचकास तो अगदीच नवा वाटू नये.

मराठेशाहीचा दैनंदिन कारभार मोडीत चाले, ग्रंथलेखनास बालबोध वापरीत. मोडी लिहिणारा आधी शिरोरेघ ओढी आणि मग लेखणी फारशी न उचलता अक्षरे जोडीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, नेहमीचे शब्द संक्षेपाने लिहिले जात. त्यामुळे लेखन झपाट्याने होई. वाचणाऱ्यास मात्र सराव लागे. द्विमान रीतीचे असेच आहे. फरक इतकाच, की तीत लिहिणे व वाचणे दोन्ही यंत्रास सोपे जाते. अडते ते माणसाचे.

आता प्रत्यक्ष हिशोब मांडू. ‘गाव : रांधा, क्रमांक : १२३४५६७’ एवढीच नोंद घ्या. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते; काना, अनुस्वार व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. म्हणून ‘गाव’ला ९, ‘रांधा’ला १५ आणि ‘क्रमांक’ला २१ बाइट लागतात. क्रमांक आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिल्यास त्याचे ७, आणि अवतरणे, कंस इत्यादी विरामचिन्हांचे ११. जेसनमध्ये एकूण ६३ बाइट झाले. प्रोटोकॉल बफर्समध्ये ‘गाव’ व ‘क्रमांक’ हे शब्द लिहीतच नाहीत. त्यांच्या जागी ठरलेले क्रमांक घालतात. तेथे ‘रांधा’चे १५, संख्येचे ३ आणि खुणांचे ३, मिळून २१ बाइट पुरतात, म्हणजे बरोबर एक-तृतीयांश.

वेगाचे कारणही यातच आहे. मजकुरातील संख्या वाचताना यंत्रास प्रत्येक अंकागणिक आधीच्या बेरजेला दहाने गुणून पुढचा अंक मिळवावा लागतो. शब्द कोठे संपला हे पाहण्यासाठी अक्षर न् अक्षर तपासावे लागते. द्विमान नोंदीत शब्दाची लांबी आधीच सांगितलेली असते. यंत्र थेट पुढे उडी घेते.

तथापि हा लाभ सरसकट नाही. ‘रांधा’ या शब्दाचे १५ बाइट दोन्हीकडे तेवढेच राहिले. बचत झाली ती संख्येत, विरामचिन्हांत आणि पुनःपुन्हा येणाऱ्या मथळ्यांत. जेथे सलग गद्यच अधिक, तेथे द्विमान रीतीचा फायदा थोडा. शिवाय नोंदी पुष्कळ असून मजकूर दाबून साठविला, तर मथळ्यांची पुनरावृत्ती आक्रसते व अंतर आणखी घटते. चांगला रचलेला जेसन-वाचक ढिसाळ द्विमान-वाचकास मागेही टाकू शकतो.

गतीचा विचार झाला. आता काळाचा करू. त्याचे उदाहरण आपल्याच भूमीचे आहे. मराठे व पोर्तुगीज यांच्यातील १७७९ च्या तहाचा आणि १७८३ व १७८५ च्या सनदांचा अर्थ लावण्याचा प्रसंग हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयावर आला. दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हा दावा लावला होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने ठरविले, की पोर्तुगिजांना मिळाले ते सार्वभौमत्व नव्हे, तर वार्षिक १२,००० रुपये उत्पन्नाचा महसुली हक्क, म्हणजे जहागीर वा सरंजाम. हे ठरविताना मराठ्यांचे इतर तहही विचारात घेतले गेले. सार्वभौमत्व द्यावयाचे असे तेथे कायमचे देत असल्याचे स्पष्ट शब्द घालीत. येथे ते नव्हते. कागद शाबूत होता, आणि शब्दांचा अर्थ सांगणारे इतर कागदही शाबूत होते. यांपैकी एक नसता तरी दुसरा मुका झाला असता.

द्विमान नोंदीस अर्थ सांगणारा असा सोबतचा कागद म्हणजे तिचा आराखडा. ‘१ म्हणजे गाव, २ म्हणजे क्रमांक’ ही यादी हरवली, तर ते २१ बाइट सुखरूप राहूनही १२३४५६७ हा क्रमांक आहे, रक्कम आहे की लोकसंख्या, हे कोणी सांगू शकणार नाही. जेसनमध्ये मथळा नोंदीतच असतो. पण ‘क्रमांक’ कशाचा, हे त्यालाही सांगता येत नाही.

म्हणून विवेक असा : क्षणोक्षणी लक्षावधी नोंदींची देवघेव करणाऱ्या यंत्रांनी खुशाल द्विमान वळण वापरावे. शाळेची प्रवेशनोंद, गावचे दप्तर, जमिनीचा उतारा असे जे पन्नास वर्षांनी अनोळखी माणसाने वाचावयाचे आहे, ते मजकुरात ठेवावे. आणि वळण कोणतेही असो, अर्थाची यादी नोंदीबरोबरच जपावी. आज वाचविलेले बेचाळीस बाइट उद्याच्या वाचकाचा हक्क हिरावून घेणारे ठरू नयेत.