समुद्रातला गॅस, सातपाटीची जाळी आणि आपण

बोईसरच्या बाजारात पापलेटचा भाव ऐकून आपण गप्प पुढे सरकतो. मासळी कमी होण्याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक सातपाटी-डहाणूचे मच्छीमार गेली काही वर्षं सांगत आहेत: तेल आणि गॅस शोधण्यासाठी समुद्रात होणारं सर्वेक्षण. त्यांचं म्हणणं नेमकं काय, ते समजून घेऊ.

आपल्या किनाऱ्यासमोर खोल समुद्रात ओएनजीसीचं बसीन, म्हणजे वसईच्या नावाचं, गॅस क्षेत्र आहे. १९७६ मध्ये तिथे गॅस सापडला. तो समुद्राखालच्या पाइपलाइनने गुजरातमध्ये हजिराला जातो. नवा साठा शोधताना जहाज दाबलेल्या हवेचे मोठे धमाके पाण्यात सोडतं आणि तळावरून परतणाऱ्या लहरी मोजतं. मागे काही किलोमीटर लांब केबल असते, त्यामुळे त्या पट्ट्यात जाळी टाकता येत नाहीत. ऐन हंगामात असं झालं तर नाखवा आणि खलाशी दोघांची रोजी बुडते. आवाजाने मासळी पांगते, अशीही तक्रार आहे. मच्छीमारांची मागणी साधी आहे: हंगाम टाळा, नुकसान भरून द्या, आधी आम्हाला विचारा.

नियम काय सांगतो?

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार तेल-गॅसच्या विहिरींना पर्यावरण मंजुरी लागते. ड्रिलिंग नसलेल्या सर्वेक्षणाला अटींसह सूट आहे. १६ जानेवारी २०२० ला केंद्राने शोधासाठीचं ड्रिलिंगही ‘बी-२’ या हलक्या गटात टाकलं. याचा अर्थ, सविस्तर परिणाम अहवाल नाही आणि जनसुनावणीही नाही. उत्पादनाचे प्रकल्प मात्र जुन्याच कडक गटात राहिले.

गॅस आपल्या चुलीलाही हवा, हे खरं. पण चूक झाली तर किंमत कोण मोजतं, तेही पाहा. २७ मे २०२० ला आसाममध्ये बाघजानच्या विहिरीतून गॅस उसळला, ९ जूनला आग लागली. आग विझवणारे दोन कर्मचारी गेले, हजारो लोकांना घरं सोडावी लागली. विहीर पूर्ण बंद व्हायला नोव्हेंबर उजाडला.

दबावाने फरक पडतो का?

पडतो. तमिळनाडूत शेतकऱ्यांच्या आंदोलनांनंतर २०२० मध्ये कायदा झाला आणि कावेरीच्या खोऱ्यातल्या शेतीपट्ट्यात नव्या तेल-गॅस विहिरींना बंदी आली. आपल्याकडे तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादात गेली, तेव्हा कुठे चौकशीची चक्रं फिरली.

मंजुरीचे अर्ज ‘परिवेश’ संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. मंजुरी मिळालेल्या कंपनीने दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो, तो मागता येतो. मंजुरीविरुद्ध लवादात अपील करायला ३० दिवसांची मुदत आहे. घरातल्या शिकलेल्या पोरांनी एवढं वाचून मोहल्ल्यात आणि मच्छीमार सोसायटीत सांगितलं, तरी ही मुदत न कळता निघून जाणार नाही.