जुन्या नाण्यांची निगा

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्या घरांतून जुनी नाणी बाहेर निघतात आणि पूजेपूर्वी चिंचेच्या कोळाने, लिंबूमिठाने नाहीतर राखेने लख्ख घासली जातात. त्यामागील भावाविषयी आमचे काही म्हणणे नाही. परंतु दोन-अडीचशे वर्षे हंड्यात सुखरूप राहिलेली एखादी शिवराई अशा एका सकाळी कायमची हातची जाते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

शिवराईचेच पाहू. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक १६७४ सालचा. पण त्यांच्यामागे, थेट पेशवाई संपल्यावरही, शिवराई बाजारात चालत राहिली. तेव्हा शिवराई हे एक नाणे नव्हे, तो नाण्यांचा मोठा गोतावळा आहे. त्यातले कोणते आधीचे व कोणते मागाहूनचे, हे अक्षरांचे वळण, ओळींची मांडणी, कडेचे ठिपके आणि वजन यांवरून ठरवावे लागते. घासण्याने नेमक्या याच गोष्टी जातात. पुष्कळांना वाटते की, गंजाखाली ‘खरे’ नाणे दडलेले आहे. जमिनीत राहिलेल्या तांब्याच्या नाण्यात बहुधा उलटा प्रकार असतो. वरच्या धातूचेच तांबूस व हिरव्या क्षारांत रूपांतर झालेले असते आणि अक्षरांचा उठाव त्या थरातच टिकून असतो. थर गेला की खाली उरते ती खडबडीत, मुकी चकती.

मात्र सगळी हिरवाई सारखी नव्हे. घट्ट, गुळगुळीत, गर्द हिरवा थर हे नाण्याचे कवच होय. त्याला हात लावू नये. फिकट हिरवी, भुकटीसारखी, नखाने सहज सुटणारी बुरशी दिसली तर मात्र सावध व्हावे. हा तांब्याचा रोगच आहे. धातूत शिरलेले क्लोराइड हवेतील ओलावा व प्राणवायू यांच्या साहाय्याने तांबे आतून पोखरत राहते. लिंबूमीठ लावणारा मनुष्य हेच क्लोराइड आपल्या हाताने नाण्यात भरीत असतो! असे नाणे ताबडतोब इतरांपासून वेगळे करावे, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावे, आणि संग्रहालयातील रसायनज्ञास दाखवावे. कोकणातल्या दमट हवेत ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

चांदीचे दुखणे त्यामानाने सौम्य. तिच्यावरची काळी झाक गंधकामुळे येते. म्हणून रुपये लोकरी कापडात गुंडाळू नयेत, रबराजवळही ठेवू नयेत. काळे काढणाऱ्या तयार द्रावणात नाणे बुडविले की प्रत्येक वेळी थोडी चांदी जातेच. १९३९ पर्यंतच्या रुपयात शेकडा सुमारे ९२ भाग चांदी असे, १९४० पासून ती निम्म्यावर आली. या दोहोंना एकाच मापाने घासणाऱ्यांची आम्हांस गंमत वाटते. सोन्याला हवेचे भय नाही, चोराचे आहे.

मग धुवावेच काय? सुटी माती. ऊर्ध्वपातित पाण्यात नाणे भिजू द्यावे, मऊ कुंचल्याने माती हलकेच सोडवावी, मऊ कापडाने टिपावे (पुसू नये) आणि पूर्ण वाळल्याखेरीज ठेवू नये. हाताचा घाम खारट असतो, म्हणून नाणे नेहमी कडेने धरावे.

सातवाहनांची शिशाची नाणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी एवढे आणखी पाहावे. लाकडातून व पुठ्ठ्यातून आम्लाच्या सूक्ष्म वाफा निघतात आणि त्यांनी शिशावर पांढरी भुकटी धरते. आजोबांच्या सुबक लाकडी पेटीत नाणे झिजते ते असे. ही भुकटी विषारी आहे. हाताळल्यावर हात धुवावेत. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतूनही कालांतराने आम्ल सुटते व नाणी चिकट हिरवी होतात. आम्लरहित कागदाची पाकिटे किंवा पॉलिएस्टरच्या पिशव्या बऱ्या.

प्रत्येक पाकिटावर, नाणे आत घालण्यापूर्वीच, पेन्सिलीने लिहावे: नाणे कोठे मिळाले, कोणाकडून, कधी, सोबत दुसरी कोणती होती, वजन किती. डिंक किंवा चिकटपट्टी नाण्याला लावू नये. आणि शेतात हंडा सापडला तर सोनाराकडे जाण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याने ते बंधनकारक आहे.